दादरचा आठ नंबर: मुंबईच्या स्थानक-फलकांची पार्श्वभूमी

मेट्रो आल्यापासून मुंबईत नकाशे, दिशादर्शक पाट्या, मार्गिकांचे रंग हे आरेखनाचे स्वतंत्र काम म्हणून बघितले जाऊ लागले. लोकलच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. तिथली चिन्हे रेल्वेने स्वतःच्या कामकाजासाठी ठरवली आणि प्रवाशांनी ती पाठ केली. इंडिकेटरवर कर्जतसाठी ‘एस’ आणि कसाऱ्यासाठी ‘एन’ का, याचे उत्तर कल्याणच्या पुढे सापडते. तिथून एक फाटा आग्नेयेला (साउथ-ईस्ट) जातो, दुसरा ईशान्येला (नॉर्थ-ईस्ट). त्याच इंडिकेटरवर धीम्या गाडीलाही ‘एस’च लागतो. नव्या माणसाने हे ओळखावे कसे?

सर्वांत जास्त वाद झाला तो दादरच्या फलाट क्रमांकांवरून. दादर म्हणजे दोन वेगळ्या रेल्वेंची शेजारी-शेजारी उभी स्थानके. दोन्हीकडची मोजणी एकपासून सुरू व्हायची, म्हणून ‘तीन नंबरवर ये’ म्हटले की ‘वेस्टर्नचा की सेंट्रलचा?’ हा प्रश्न ठरलेला. बाहेरगावची गाडी पकडायला निघालेला माणूस सामान घेऊन पूल चढायचा, उतरायचा आणि चुकीच्या तीन नंबरवर पोहोचायचा. 9 डिसेंबर 2023 पासून सलग क्रमांक आले. पश्चिमेचे 1 ते 7 तसेच राहिले, मध्यचे 8 ते 14 झाले.

रोजच्या प्रवाशांची नाराजी खोटी नव्हती. मध्यचा जुना एक आता आठ झाला, म्हणजे सात मिळवायचे. पण फलाट रुंद करण्यासाठी जुना दोन नंबर बंद केला होता, त्यामुळे जुना तीन झाला नऊ. इथे सहाच मिळवायचे! वर्षानुवर्षांची सवय अशा हिशेबाने मोडत नाही. तरीही निर्णय योग्यच होता, आणि तो कितीतरी आधी व्हायला हवा होता. क्रमांक सवयीच्या प्रवाशापेक्षा अनोळखी माणसाच्या जास्त उपयोगाचा असतो. उणीव राहिली ती संक्रमणाच्या आरेखनात. अशा बदलात जुना आणि नवा क्रमांक काही महिने एकाच पाटीवर, ठळक, जिन्याच्या तोंडाशी दिसला पाहिजे. नुसत्या उद्घोषणेवर भागत नाही.

मेट्रोने कोरी पाटी घेऊन सुरुवात केली. 2014 मध्ये वर्सोवा–घाटकोपर ही पहिली मार्गिका निळ्या रंगाची झाली, पुढे 2अ पिवळी आणि 7 लाल. रंग जमले, नावे मात्र मार्गिकेगणिक वेगळी पडली. मार्गिका 7 वरचे गुंदवली आणि मार्गिका 1 वरचे पश्चिम द्रुतगती महामार्ग ही पुलाने जोडलेली स्थानके. अंधेरी पश्चिम आणि डी. एन. नगर यांचेही तेच. गाडी बदलायची जागा एक आणि नावे दोन. मरोळ नाक्याला मात्र मार्गिका 1 आणि 3 दोन्हीकडे एकच नाव आहे, आणि तिथे विचारावे लागत नाही.

मार्गिका 3 ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. तिचे मुंबई सेंट्रलजवळचे स्थानक जगन्नाथ शंकर शेठ यांच्या नावाचे आहे. हा मान उचितच. पण रात्रीची गाडी गाठायला निघालेल्यांसाठी ‘मुंबई सेंट्रल’ ही अक्षरेही तिथल्या प्रत्येक पाटीवर तेवढ्याच आकारात हवीत.