बारावीनंतर शिक्षक व्हायचंय? आधी इयत्ता ठरवा, मग अर्ज भरा

बारावीचा निकाल लागला की कळव्याच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात दोन-तीन मुली तरी स्टाफरूमच्या दारात येऊन उभ्या राहतात. "मॅडम, मला टीचर व्हायचंय. बी.ए. करून मग बी.एड. करू ना?" मी उलट विचारते, "शिकवायचंय कुणाला? पहिलीला की दहावीला?" बहुतेकींचं उत्तर ठरलेलं असतं. लहान मुलांना.

मग बी.एड. उपयोगाचं नाही. ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं: पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी.एड. ही पात्रता धरता येणार नाही. तिथे डी.एल.एड. लागतं, म्हणजे आपण अजूनही ज्याला डी.एड. म्हणतो तेच. बारावीनंतर दोन वर्षं. पाच वर्षं घालवून हे कळलेली मुलं मी पाहिली आहेत, म्हणून आता बारावीच्या दिवाळी सुट्टीआधीच वर्गात हा विषय काढते.

घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "डी.एड. झालेले घरी बसलेत, त्याचं काय?" प्रश्न चुकीचा नाही. एके काळी गल्लोगल्ली डी.एड. कॉलेजं निघाली, २०१२ नंतर भरती बरीच वर्षं ठप्प झाली आणि पदविका घेतलेली मुलं रिक्षा नाहीतर दुकान चालवायला लागली. त्या धास्तीने पुढच्या मुलांनी पाठ फिरवली, कॉलेजं बंद पडली. आता परिस्थिती वेगळी आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्याच्या शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवरून मुलाखतीशिवाय भरायची १६,७९९ पदं होती आणि शिफारस झाली ११,०८५ उमेदवारांची. काही प्रवर्गांत आणि विषयांत पात्र उमेदवारच मिळाले नाहीत. नोकरीची हमी मी कुणालाच देत नाही, पण "जागाच नाहीत" हे वाक्य आता सरसकट खरं नाही. शहापूर-मुरबाडकडच्या एखाद्या शाळेत एकच गुरुजी चार इयत्ता सांभाळताना पाहिले की ते लगेच पटतं.

पात्रता सोपी आहे. बारावी कुठल्याही शाखेतून उत्तीर्ण. खुल्या प्रवर्गाला किमान ४९.५ टक्के, राखीव प्रवर्गांना ४४.५ टक्के. वेगळी सीईटी नाही, गुणवत्ता यादी बारावीच्या गुणांवरच लागते. प्रवेश राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, पुणे, म्हणजे एससीईआरटी राबवते. जिल्ह्याच्या पातळीवर काम पाहते ते डाएट, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था. आपलं, ठाणे जिल्ह्याचं, बदलापूरजवळ रहाटोलीला आहे. ठाण्याच्या जिल्हा परिषदेत चौकशी करून परत आलेले पालक दरवर्षी भेटतात, म्हणून हे आधीच सांगितलं.

आता कागदपत्रं. खरी गाडी इथेच अडते, त्यामुळे जरा सविस्तर.

दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला, एवढं सगळ्यांना लागतं. अधिवास प्रमाणपत्र आणि तुमच्या प्रवर्गाचं जे असेल ते त्यापुढे: जातीचा दाखला, जातवैधता, मुदत न संपलेलं नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र. दिव्यांग असाल तर किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र. यादी छोटी वाटते, पण अधिवास आणि नॉन-क्रिमीलेअर निकालानंतर काढायला गेलात तर आपल्या आधी अख्खा जिल्हा सेतूत उभा असतो. हे जानेवारीतच उरका.

जातवैधतेचं दुखणं वेगळं. सायन्सची मुलं इंजिनिअरिंगच्या नादाने अकरावीतच जात पडताळणी समितीकडे अर्ज करतात. आर्ट्स-कॉमर्सच्या मुलांना कुणी सांगतच नाही. आणि डी.एल.एड.ला जाणारी निम्मी मुलं तिथलीच! अर्ज ऑनलाइन भरायचा, सोबत कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र जोडायचं. ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात, म्हणजे साधारण आजोबांच्या शाळेतली नोंद. ठाणे-नवी मुंबईत तिसरी पिढी राहत असली तरी ती नोंद सापडते कोकणातल्या नाहीतर साताऱ्याकडच्या एखाद्या जीवन शिक्षण मंदिराच्या जनरल रजिस्टरमध्ये. गणपतीला गावी जाल तेव्हा शाळेचा उताऱ्यासाठीचा अर्ज सोबत न्या.

नवी मुंबईकरांसाठी आणखी एक कागद. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या. घणसोली, करावे, दिवाळे अशा गावांतल्या आगरी-कोळी घरांत प्रकल्पग्रस्ताचा दाखला कपाटात पडून असतो. सरकारी भरतीत प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के समांतर आरक्षण आहे आणि शिक्षकभरतीतही ते मोजलं जातं. मात्र त्याचा लाभ कुटुंबातल्या एकालाच मिळतो. तेव्हा कुणाच्या नावावर करायचं, याचा निकाल जेवणाच्या ताटावर आधीच लावलेला बरा.

नावातला फरक हा तिसरा त्रास. मागच्या वर्षी एका मुलीच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव "सुनिता", बारावीच्या गुणपत्रिकेवर "सुनीता". एका वेलांटीने अर्ज त्रुटीत गेला. दुसऱ्या एका मुलाने जातीच्या दाखल्याचा मोबाईलवर फोटो काढला, त्यात त्याचा अंगठा आणि खालची चादर दोन्ही स्पष्ट आलं, दाखल्याचा क्रमांक सोडून. स्कॅन करा, पाच-दहा रुपये जातात.

अर्ज बारावीच्या निकालानंतर ऑनलाइनच भरायचा. नोंदणी, माहिती, कागदपत्रं अपलोड, मग शुल्क. गेली काही वर्षं ते खुल्यासाठी २०० आणि राखीवसाठी १०० रुपये आहे. त्यानंतर पडताळणी अधिकारी कागद तपासतात. काही खटकलं तर अर्ज त्रुटी दाखवून परत येतो आणि तो मुदतीत दुरुस्त केला नाही तर गुणवत्ता यादीत नावच नसतं. पैसे भरले म्हणजे झालं, असं समजून गावी जाणारे इथेच फसतात. रोज एकदा लॉगिन करून बघा. यादी लागली की कॉलेजांचे पसंतीक्रम भरायचे आणि फेरीत नाव आलं की ठरलेल्या तारखेत प्रत्यक्ष जाऊन प्रवेश घ्यायचा. पसंती भरताना शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित हा फरक नीट पाहा, फीमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर असतं. माध्यमही विचार करून निवडा. पुढे पवित्रवर दहावी, बारावी आणि डी.एल.एड. कोणत्या माध्यमातून केलं हे विचारतात आणि त्यानुसारच पदं दिसतात.

दोन वर्षांत काय असतं? पाठटाचण, सराव पाठ, शाळेतली आंतरवासिता. चाळीस पोरांसमोर पहिल्यांदा उभं राहिल्यावर पाठ केलेलं सगळं विसरायला होतं, ते होऊ द्यावं.

पदविकेनंतर दोन परीक्षा. पहिली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, राज्य परीक्षा परिषदेची. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी: १५० प्रश्न, १५० गुण, अडीच तास, बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास प्रत्येकी ३० गुणांना. उत्तीर्ण व्हायला खुल्यांना ६० टक्के, राखीवांना ५५. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. केंद्राची सीटीईटी दिली तरी चालते. १ सप्टेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हायचं आहे, त्यामुळे आमच्या ओळखीतले पंचेचाळिशीचे गुरुजीही सध्या मुलांबरोबर अभ्यासाला बसतात! दुसरी टेट, म्हणजे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. २०० गुण, दोन तास. यात पास-नापास नाही. पवित्र पोर्टलवरचा क्रम या गुणांवरून लागतो. ही दरवर्षी होत नाही (२०१७, २०२३, २०२५), म्हणून जाहिरात आली की पहिल्याच खेपेला जीव तोडून द्यायची.

निवड झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक. प्राथमिकला मानधन महिना १६,००० रुपये. २०२३ च्या आधी ते ६,००० होतं. ऐरोलीत भाड्याने राहून हे पुरत नाही, हे मुलांना मी लपवत नाही. तीन वर्षांनी नियमित वेतनश्रेणी मिळते.

ज्यांना मोठ्या वर्गांनाच शिकवायचंय, त्यांनी बारावीनंतर चार वर्षांचा एकात्मिक बी.ए.बी.एड. किंवा बी.एस्सी.बी.एड. पाहावा. राष्ट्रीय पातळीवर त्यासाठी एनसीईटी ही प्रवेश परीक्षा होते, राज्याची स्वतंत्र सीईटीही आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत हाच किमान मार्ग करायचं म्हटलं आहे, पण डी.एल.एड.चे प्रवेश सध्या चालू आहेत.

अजून ठरत नसेल तर आमच्याकडची मुलं करतात ते करून बघा. शनिवारी सकाळी दोन तास जवळच्या पालिकेच्या शाळेत दुसरीच्या पोरांना गोष्ट वाचून दाखवायची, मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन. गेल्या वर्षी पाच जण गेले. दोघांनी तिसऱ्या शनिवारी कानाला खडा लावला. एक मुलगी मात्र मार्चपर्यंत गेली आणि जूनमध्ये तिने अर्ज भरला. सायबर कॅफेवाल्याने नोंदणीत स्वतःचाच मोबाईल नंबर टाकला होता, तेवढं वेळेत लक्षात आलं. तुम्ही स्वतःचा नंबर टाका, पुढची चार-पाच वर्षं तो बदलू नका आणि पासवर्ड वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.