कोपर विसरा, दोरी बघा

साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर सकाळी पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं 7.260 किलोचा गोळा घेऊन उभी राहतात, तेव्हा बाजूने सूचनांचा भडिमार सुरू असतो. "कोपर वर घे!" "गुडघा वाकव!" "कंबर फिरव!" "मनगट झटक!" तंत्र म्हणून यातली एकही सूचना चूक नाही. तरी त्या ऐकून टाकलेला गोळा पुष्कळदा आधीच्या फेकीपेक्षा जवळ पडतो. मुलगा ताकदीला कमी पडलेला नसतो. त्याचं लक्ष चुकीच्या जागी गेलेलं असतं, आणि ते आपल्याच सूचनांनी तिथे नेलेलं असतं.

हालचाल करताना लक्ष दोन ठिकाणी असू शकतं: स्वतःच्या अवयवांवर, किंवा त्या हालचालीने बाहेर काय घडायला हवं त्यावर. माणूस हालचाली कशा शिकतो याच्या अभ्यासक गॅब्रिएल वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 साली याचा एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. बर्फावर घसरण्याची नक्कल करणाऱ्या यंत्रावर लोकांना उभं केलं. एका गटाला सांगितलं, बाहेरच्या पायाने जोर लाव. दुसऱ्याला सांगितलं, त्या पायाखालच्या चाकांवर जोर लाव. पाय आणि चाकं यांच्यात अंतर ते किती! तरी चाकांचा विचार करणारे जास्त चांगलं शिकले. नंतर काहीही न सांगता चाचणी घेतली तेव्हाही तेच पुढे होते.

मैदानावरच्या माणसाला पटेल असा प्रयोग 2010 चा आहे. जागेवरून लांब उडी. "गुडघे शक्य तितक्या वेगाने सरळ करा" असं ऐकलेल्यांची सरासरी उडी साधारण 177 सेंमी भरली. "सुरुवातीच्या रेषेपासून शक्य तितकं लांब जा" असं ऐकलेल्यांची 187 सेंमी. फरक एका वाक्याचा, आणि दहा सेंटिमीटरचा. असे प्रयोग बरेच झाले आहेत. छापून येणारे निकाल प्रत्यक्षापेक्षा मोठे दिसत असावेत, असं काही संशोधकांनी फेरतपासणी करून दाखवलं आहे, त्यामुळे दर वेळी दहा सेंटिमीटरची आशा धरू नये. पण वाक्य बदलायला खर्च शून्य आहे.

हे होतं कसं? 2005 मध्ये बास्केटबॉलच्या फ्री थ्रोवेळी हाताच्या स्नायूंमधली विद्युत हालचाल मोजली गेली. मनगटाकडे लक्ष देणाऱ्यांचे दंडाचे पुढचे आणि मागचे, दोन्ही स्नायू जास्त काम करत होते, आणि तरी नेम कमी लागत होता. बास्केटच्या कड्याकडे लक्ष देणाऱ्यांचे स्नायू कमी शक्तीत जास्त अचूक होते. पुढचा स्नायू कोपर दुमडतो, मागचा सरळ करतो. दोन्ही एकदम आवळले की हात स्वतःशीच ओढाताण करतो. मुलगा ‘आखडला’ असं आपण म्हणतो ते हेच.

रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी 1920 च्या दशकात कसलेल्या कामगारांचे हातोड्याचे घाव टिपले होते. प्रत्येक घावाला खांदा, कोपर, मनगट थोडं वेगळं हलत होतं. हातोड्याचं टोक मात्र जवळजवळ त्याच वाटेने जात होतं. म्हणजे शरीर सांध्यांची तडजोड आपोआप करतं, त्याला फक्त टोक कुठे जायचं ते कळावं लागतं. मध्येच "कोपर बघ" म्हणून एक सांधा जखडला की बाकीच्यांना सांभाळून घ्यायला जागा उरत नाही.

आता गोळ्याकडे. भरतीच्या 50 गुणांच्या मैदानी चाचणीत त्याला 15 गुण आहेत, म्हणून इथे थोडं थांबू. मुलाचं लक्ष बाहेर न्यायला दोन बांबू रोवून आडवी दोरी बांधा. 8 मीटरच्या आसपास टाकणाऱ्या मुलासाठी ती रेषेपासून 3 मीटरवर आणि सुमारे 9 फूट उंच हवी. मुलींचा गोळा 4 किलोचा असतो. 6 मीटर टाकणारीसाठी दोरी 2 मीटरवर, साडेसात फुटांवर पुरे. साधारण 36 अंशांत सुटलेला गोळा हिच्यावरून बेताने जातो. सगळ्यात लांब फेकीसाठी नेहमी सांगितले जाणारे 45 अंश इथे चालत नाहीत, कारण गोळा जमिनीवरून नव्हे, खांद्याच्या वरून सुटतो, आणि जितकं वर ढकलावं तितका हाताचा वेग घटतो. दोरीपलीकडे कुणी उभं नसावं, हे सांगायला नकोच.

मागे दोन-तीन पावलांवर जमिनीवर एक टोपी ठेवा. मग सूचना एवढीच: "छातीचा नंबर आधी टोपीला दाखव, मग दोरीला. गोळा दोरीवरून जाऊ दे." कंबर, खांदा, गुडघा यांचं नावही काढायचं नाही. टोपी गाळू नका. पहिल्यापासून दोरीकडेच पाहणारा मुलगा छाती लवकर उघडतो आणि मग नुसत्या हातावर फेक करतो. दोरी फार जवळ किंवा फार उंच बांधली तर गोळा आभाळात जातो आणि पुढ्यात पडतो.

अगदी नवख्याला मात्र लांबची खूण जड जाते. त्याला आधी गोळाच द्या लक्षात ठेवायला: तो बोटांच्या मुळाशी हवा, तळहातात नको, आणि हाताने ढकलायला सुरुवात होईपर्यंत मानेला टेकलेला हवा. गोळा त्याआधीच मानेपासून सुटला तर ढकलणं संपतं आणि चेंडूसारखं फेकणं सुरू होतं. फेक बाद होते, कोपरही दुखावतं.

फरक खरा आहे का, ते स्वतः मोजा. दोन फेकी जुन्या सूचनेवर, दोन नव्या, असं आलटून पालटून बारा फेकी करा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. सगळ्या जुन्या आधी घेतल्या तर दमणूक नव्याच्या माथी बसते. सर्वांत लांबची फेक नव्हे, सरासरी बघा.

धावण्यातही हेच आहे. 100 मीटरला "पाय जोरात उचल" ऐवजी "जमीन मागे ढकल" म्हणा. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट धावत चढणाऱ्यांनी स्वतःचा श्वास मोजत बसू नये. सरावलेल्या धावपटूंना ट्रेडमिलवर दहा-दहा मिनिटं धावायला लावलं, तेव्हा श्वासाकडे किंवा पायांकडे लक्ष देताना त्याच वेगाला ऑक्सिजन जास्त लागला. आजूबाजूला पाहताना कमी लागला. पुढचं वळण, कडेचा दगड, पुढच्याची पाठ, काहीही चालेल.

तालमीतल्या वस्तादांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. "त्याची टाच उचल" या हाकेत लक्ष आपोआप समोरच्यावर जातं.

दंड फुगवायचे असतील तर मात्र नियम उलटा. 2018 च्या आठ आठवड्यांच्या अभ्यासात स्नायूकडे लक्ष देऊन वजन उचलणाऱ्यांचा दंड जास्त वाढला. तिथे स्नायूने जास्त राबणं हाच उद्देश असतो.

भरतीच्या मैदानावर दोरी नसणार. म्हणून शेवटच्या पंधरवड्यात एक दिवसाआड दोरी काढा आणि तीच जागा हवेत बघून गोळा टाकायला लावा. चाचणीच्या दिवशी रांगेत असतानाच आपल्या टप्प्याच्या थोडी पलीकडची एखादी खूण हेरायची: चुन्याची रेघ, गवताचा पुंजका, झेंडा. नाव पुकारलं की नजर तिथे.