डिस्कसच्या लेकरांचं उष्टावण

तान्ह्या बाळाबद्दल आपण म्हणतो, ‘अजून अंगावर पितंय.’ डिस्कस माशाच्या पिल्लांना हे शब्द अगदी अक्षरशः लागू पडतात. अंडी अडीच-तीन दिवसांत फुटतात. पुढचे दोन-तीन दिवस पिल्लं एकाच जागी चिकटून वळवळत, पोटातल्या बलकावर काढतात. पोहता येऊ लागलं की ती आईबापाच्या अंगाला भिडतात आणि कातडीवरचा बुळबुळीत स्राव टिपून खातात. दोघांच्याही अंगावरचा, हे विशेष. एकाला विसावा हवा असला की तो अंगाला झटका देतो आणि सगळी पिल्लावळ जोडीदाराकडे जाते.

इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांचा २०१० सालचा अभ्यास आहे. त्यात दिसलं, की अंडी घालण्याच्या सुमारास या स्रावातली प्रथिनं आणि रोगाशी लढणारी प्रतिपिंडं वाढतात. पहिले दोन आठवडे आईबाप मनापासून पाजतात. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र ते पिल्लांना चुकवून दूर पोहायला लागतात. आपल्याकडे लेकराचं दूध तोडतात, तसंच हे.

उष्टावणासाठी माशांच्या हौशी मंडळींकडे आर्टेमिया असतो. खाऱ्या पाण्यातल्या या इवल्या जिवाची सुकी अंडी मिठाच्या पाण्यात टाकून हवेचे बुडबुडे सोडले, की दिवस-दीड दिवसात नारिंगी ठिपके वळवळू लागतात. पिल्लांनी पोहायला लागून चार-पाच दिवस झाले की अंगावरच्या स्रावाच्या जोडीला हे द्यायचं, आणि ते गोड्या पाण्यात धुऊनच द्यायचं. लातूरच्या उन्हाळ्यात ही अंडी उबवायला हीटर लागत नाही, बरणी खोलीत ठेवली तरी पुरते.

खरी अडचण मोठ्या माशांची. डिस्कस मूळचा अमेझॉनच्या खोऱ्यातला. तिथलं पाणी उबदार, मऊ म्हणजे क्षार कमी असलेलं, आणि बऱ्याच ठिकाणी आम्लधर्मी. रानातले डिस्कस शेवाळ, कुजका पाला, वनस्पतींचे तुकडे आणि बारीकसारीक किडे असं चरत राहतात. तोंड लहान. तळावर पाण्याची फुंकर मारायची, काही उघडं पडलं की टिपायचं, थुंकायचं, पुन्हा घ्यायचं. असा सावकाश खाणारा मासा आपण काचेच्या टाकीत ठेवतो आणि वरून मूठभर प्रथिनं ओततो.

त्या प्रथिनांचं पुढे काय होतं, हे कळलं की हात आपोआप आखडतो. समजा, दिवसाला दहा ग्रॅम दाणे टाकले आणि त्यात ४५ टक्के प्रथिनं आहेत. म्हणजे साडेचार ग्रॅम प्रथिनं, आणि त्यात सुमारे पाऊण ग्रॅम नायट्रोजन. त्यातला निम्मा जरी अमोनिया होऊन कल्ल्यांवाटे बाहेर आला, तरी दोनशे लिटरच्या टाकीत तो लिटरमागे पावणेदोन मिलिग्रॅमच्या पुढे जातो. तोही एका दिवसात. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच सौम्य नायट्रेट करतात. ते नायट्रेट काढायला मात्र पाणीच बदलावं लागतं.

आणि पाण्याचं आपल्याकडे काय आहे, ते सांगायला नको. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी लातूरकरांनी प्यालेलं आहे. नळाला कितव्या दिवशी पाणी येईल, यावर घरातली कामं ठरतात. बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून मुरत येतं, चुना आणि मॅग्नेशियम विरघळवून जड होतं, आणि बहुधा अल्कधर्मी असतं. त्यात अमोनिया जास्त घातक ठरतो. पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी, ते पीएचच्या आकड्यावरून कळतं. टाकीच्या २८ अंश तापमानाला पीएच सात असेल, तर शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो. पीएच आठ झाला की तेच सहा-सात भाग होतात. म्हणून माझं ठाम मत आहे, की मराठवाड्यात डिस्कसला किती खाऊ घालायचं, हे माशाच्या भुकेवर न ठरवता आपल्या हौदावर ठरवावं.

भूक फसवी असते. माणूस दिसला की हे मासे काचेशी गोळा होतात. माझी आई कळवळून म्हणायची, ‘अरे, उपाशी हायेत की लेकरं, टाक चिमूटभर.’ मी टाकायचो. मे महिन्यातल्या एका दुपारी असंच खाऊ घातलं आणि लाइट गेली. तीन तासांनी दोन मासे आडवे झाले होते. कारण नंतर समजलं. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, तीस अंशांना साडेसातच. त्यात पोट भरल्यावर पचनासाठी माशाला जास्त ऑक्सिजन लागतो. हवेचा पंप बंद, पोट भरलेलं, पाणी तापलेलं. आता लाइट जाण्याच्या वेळेआधी दोन तास मी काही टाकत नाही, आणि बॅटरीवरचा छोटा पंप हाताशी ठेवतो.

मोठ्यांना दिवसातून दोनदा पुरतं, वाढत्या पिल्लांना चार-पाच वेळा थोडं थोडं. पाच मिनिटांत संपेल तेवढंच. उरलेलं नळीने ओढून काढायचं. काही देशांत बैलाच्या हृदयाचा खिमा देण्याची जुनी पद्धत आहे. मला ती पटत नाही, कारण ती चरबी माशाच्या आहारातली नव्हेच. घरी झिंगा आणि काटे काढलेला मासा वाफवून घ्यावा, उकळत्या पाण्यातून काढलेला पालक आणि चिमूटभर स्पिरुलिना (निळ्या-हिरव्या शेवाळाची भुकटी) घालून वाटावं, चायना ग्रासमध्ये घट्ट करावं आणि पिशवीत पातळ थापून बर्फाच्या कप्प्यात ठेवावं. लागेल तेवढा तुकडा मोडायचा. गटारातल्या ट्युबिफेक्स किड्यांचा मोह टाळावा, त्यांच्याबरोबर रोग घरात येतो. दाण्यांचा डबा उघडा ठेवू नये. त्यातलं क जीवनसत्त्व उन्हाळ्यात लवकर उडतं आणि तेल खवट होतं.

टाकीतून काढलेलं पाणी मी मोरीत सोडत नाही. माशाने न वापरलेला नायट्रोजन त्यात नायट्रेट होऊन उतरलेला असतो. दारातल्या कढीपत्त्याला ते रोज एक बादली मिळतं, आणि भर उन्हाळ्यातही त्याला पोपटी पालवी असते.