नॅरोबोट : मालवाहू नाव आणि घर

नॅरोबोट ही इंग्लंडच्या कालव्यांवरील अरुंद मालवाहू नाव. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अभियंता जेम्स ब्रिंडलीने आखलेल्या मध्य इंग्लंडमधील कालव्यांवर जलपाशांची, म्हणजे नाव वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेणाऱ्या दारबंद कुंडांची, रुंदी सुमारे 7 फूट ठेवली गेली. म्हणून नावही तेवढीच अरुंद. लांबी मात्र 70 फुटांपर्यंत. विसाव्या शतकात अशा अनेक जुन्या नावांची घरे झाली. तथापि नावेत घर त्याआधीच नांदत होते, हे ध्यानात घ्यावे लागते.

नावेच्या मागच्या टोकाला 8 ते 10 फूट लांबीची केबिन असे. कोळशाच्या पेटीवर पाय ठेवून आत उतरले की डाव्या हाताला चूल. तिच्या पलीकडे कपाट. त्याचे दार खाली पाडले की टेबल तयार. रात्री आडवी फळी टाकून पलंग होई, सकाळी तो मिटून ठेवीत. एवढ्याशा जागेत नवरा-बायको आणि मुले राहत.

कुटुंबे नावेवर केव्हा आली, याबद्दल मतभेद आहेत. रेल्वेच्या स्पर्धेमुळे साधारण 1840 नंतर मिळकत घटली. मदतनीस आणि काठावरचे घर दोन्ही परवडेनात, म्हणून बायकामुले नावेवर आली, असे रूढ मत आहे. काही कुटुंबे रेल्वेपूर्वीही नावेवर असावीत, हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. रेल्वेने ती प्रथा वाढवली, एवढेच म्हणता येईल. केबिनवरील गुलाब व किल्ल्यांच्या चित्रांचा उगमही असाच वादग्रस्त आहे. त्यांचा संबंध रोमा (जिप्सी) लोकांशी जोडतात, पण त्या काळच्या इंग्लंडमधील रंगीत ट्रे आणि घड्याळांच्या तबकड्यांशी त्यांचे साम्य अधिक आहे. 1877 च्या कायद्याने राहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नावांची नोंदणी सक्तीची झाली आणि केबिनमध्ये किती जणांनी राहावे यावर मर्यादा आली.

लेखक एल. टी. सी. रोल्ट 1939 मध्ये ‘क्रेसी’ या जुन्या लाकडी नावेवर राहायला गेले. कालवे वाचवण्यासाठी 1946 मध्ये स्थापन झालेल्या इनलँड वॉटरवेज असोसिएशनच्या संस्थापकांत ते होते. 1962-63 च्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि आधीच खंगलेली मालवाहतूक बहुतांशी संपली.

जुन्या नावेचे घरात रूपांतर करताना मालाच्या जागेवर छप्पर चढवून केबिन पुढे वाढवतात. माल नसलेली नाव पाण्यावर उंच तरंगते आणि पुलाखाली अडते. म्हणून केबिनच्या जमिनीखाली फरश्या किंवा लोखंड भरून तिला पुन्हा जड करावे लागते. 1970 नंतरच्या बहुतेक निवासी नॅरोबोटी राहण्यासाठीच नव्याने बांधलेल्या, पोलादी आहेत. त्यांना रूपांतरित नाव म्हणता येत नाही.