हीलिऑस

ग्रीक पुराणकथांमधील सूर्यदेव. हायपेरिऑन आणि थीआ या टायटन (झ्यूसच्या आधीच्या पिढीतले देव) दांपत्याचा पुत्र. चंद्रदेवता सिलीनी आणि उषादेवता ईऑस या त्याच्या बहिणी. ‘हीलिऑस’ हा ग्रीक भाषेतला सूर्यासाठीचा रोजच्या वापरातला शब्दच आहे. संस्कृत ‘सूर्य’ आणि लॅटिन ‘सोल’ यांच्याशी त्याचे मूळ एकच. देव आणि बिंब दोघांचे नाव एक असल्यामुळे ग्रीक कवी नेमका कोणाविषयी बोलतो आहे, हे पुष्कळदा वेगळे काढता येत नाही.

साहित्यात हीलिऑसचे मुख्य काम साक्षीदाराचे. रोज आकाशातून रथ हाकताना त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. होमरच्या ‘इलियड’ या महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गात ग्रीकांचा सेनानी ॲगमेम्नॉन शपथ घेताना सर्व पाहणारा, सर्व ऐकणारा म्हणून त्याला आवाहन करतो. धान्यदेवता डीमीटर हिची मुलगी पर्सेफनी हिला कोणी पळवले, हे आईला तोच सांगतो. दंड देण्याची ताकद मात्र त्याच्यापाशी नाही. होमरच्याच ‘ओडिसी’च्या बाराव्या सर्गात नायक ओडिसिअसचे भुकेले सोबती थ्रिनेशिआ बेटावरच्या त्याच्या गाई मारून खातात. पन्नास-पन्नासांचे सात कळप, ना त्यात भर पडायची, ना घट व्हायची. हीलिऑस देवांचा राजा झ्यूस याच्याकडे दाद मागतो : भरपाई मिळाली नाही, तर मी पाताळात उतरून मेलेल्यांमध्ये प्रकाशेन! झ्यूस वीज टाकून जहाज फोडतो.

युरिपिडीझच्या ‘मीडिआ’ या शोकांतिकेत (इ. स. पू. ४३१) स्वतःची मुले मारलेली नायिका आजोबा हीलिऑसने दिलेल्या रथातून निसटते. हा शेवट कथानकातून निघत नाही, म्हणून ॲरिस्टॉटलने त्याला नावे ठेवली. पण हे नाटक मोडलेल्या शपथेचे आहे. मीडिआचा नवरा जेसन याने दिलेला शब्द मोडला आहे, आणि आसरा देण्याचे वचन मीडिआ अथेन्सचा राजा एजिअस याच्याकडून घेते तेही पृथ्वी आणि हीलिऑस यांची शपथ घालून. शपथांचा साक्षी अखेरीस तिच्या बाजूने उभा राहतो, असे पाहिले तर तो रथ अजिबात उपरा वाटत नाही.

होमरच्या काव्यात अपोलो हा हीलिऑसहून निराळा देव. युरिपिडीझच्याच ‘फेथॉन’ या त्रुटित नाटकात दोघांना एक मानलेले दिसते, आणि पुढे ‘फीबस’ हे अपोलोचे बिरुद युरोपीय कवितेत सूर्यासाठी रूढ झाले. हायपेरिऑनचे नावही होमर कधी कधी हीलिऑससाठीच वापरतो. शेक्सपिअरचा हॅम्लेट मृत पित्याला हायपेरिऑनची उपमा देतो; कीट्सच्या १८२० साली प्रसिद्ध झालेल्या अपूर्ण काव्यात हायपेरिऑन हा पदभ्रष्ट होण्याच्या उंबरठ्यावरचा जुना सूर्यदेव आहे, आणि त्याची जागा घेणारा अपोलो.