बुद्धिमापन आणि घरची भाषा

प्रमाणित कसोट्यांच्या साहाय्याने व्यक्तीच्या आकलन, तर्क, स्मरण व समस्यापरिहार या क्षमतांचा अंदाज घेण्याच्या पद्धतीला बुद्धिमापन म्हणतात. या कसोट्यांचा मोठा भाग शब्दांतून विचारला जातो आणि शब्दांतूनच सोडवला जातो. त्यामुळे कसोटीची भाषा आणि मुलाच्या घरची भाषा यांत अंतर असेल, तर हाती येणारा आकडा बुद्धीचा किती आणि भाषापरिचयाचा किती, हे वेगळे करणे कठीण होते. ग्रामीण विदर्भात हे अंतर पहिलीच्या वर्गापासूनच जाणवते.

फ्रान्समध्ये ज्या मुलांना शिकताना जादा मदत लागते ती ओळखता यावीत, म्हणून अल्फ्रेड बिने आणि तेओदॉर सीमाँ यांनी 1905 मध्ये पहिली उपयुक्त बुद्धिकसोटी तयार केली. 1908 च्या सुधारित आवृत्तीत मानसिक वयाची, म्हणजे मुलाची कामगिरी कोणत्या वयाच्या सरासरी मुलाइतकी आहे याची, कल्पना आली, 1912 मध्ये जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याचे सुचवले आणि त्यातून बुद्धिगुणांक रूढ झाला. आजच्या कसोट्यांत हा भागाकार केला जात नाही. समवयस्कांची सरासरी 100 व प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) 15 धरून मुलाचे स्थान ठरवले जाते आणि सुमारे 68 टक्के मुले 85 ते 115 च्या दरम्यान येतात. म्हणजे बुद्धिगुणांक हे वजनकाट्यावरचे माप नसून तुलना आहे. ती कोणाशी केली, हा प्रश्न म्हणूनच आधी विचारला पाहिजे.

विदर्भाच्या पश्चिम भागात वऱ्हाडी आणि पूर्वेकडे झाडीबोली बोलली जाते. मेळघाटातील धारणी व चिखलदरा तालुक्यांत कोरकू, यवतमाळच्या काही गावांत कोलामी, गडचिरोली–चंद्रपूरकडे गोंडी व माडिया आणि बंजारा तांड्यांवर गोरमाटी या घरच्या भाषा आहेत. गोंडी, माडिया व कोलामी द्राविडी कुळातील आहेत, तर कोरकू मुंडा गटातील आहे. या घरांतील मुलांसाठी पाठ्यपुस्तकातील मराठी ही सरळसरळ दुसरी भाषा असते. वऱ्हाडी मुलाचे अंतर त्यामानाने कमी, पण ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. घरी ‘मले’, ‘तुले’, ‘डोया’, ‘शाया’ (मला, तुला, डोळा, शाळा) म्हणणारे मूल परीक्षकासमोर उत्तर देताना आधी शब्द शुद्ध करण्यात गुंतते, आणि वेळ मोजल्या जाणाऱ्या प्रश्नात ती काही क्षणांची घुटमळही गुण कमी करते.

साम्य ओळखण्याच्या प्रश्नांत हा गुंता फार जवळून दिसतो. दोन वस्तूंची नावे सांगून त्यांत सारखे काय, असे विचारले जाते. दोन्हींना सामावणारा वर्ग सांगितला तर पूर्ण गुण मिळतात, नुसता उपयोग किंवा रूप सांगितल्यास कमी. समजा, शेतकऱ्याच्या दहा वर्षांच्या मुलाला वखर आणि डवरा यांतील साम्य विचारले. ‘दोन्ही शेतीची अवजारे’ हे अपेक्षित उत्तर. पण ‘वखर पेरनीच्या आंदी चालते, डवरा पीक उगवल्यावर’ असे तो सांगण्याचीच शक्यता अधिक. हे उत्तर चुकीचे नाही. वावरात दोन्हींना अवजार म्हणून एकत्र मोजण्याची गरज पडत नाही, कोणते केव्हा बैलामागे जुंपायचे हे कळावे लागते. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांना 1931–32 मध्ये उझबेकिस्तानातील शेतकऱ्यांत हेच आढळले होते. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका यांतून वेगळी वस्तू काढण्यास ते तयार नव्हते, कारण ओंडक्याविना बाकी तिन्ही निरुपयोगी. थोडेसे शालेय शिक्षण झालेले लोक मात्र ओंडका सहज बाजूला काढत. अमूर्त वर्गीकरण ही बऱ्याच अंशी शाळेत लागणारी सवय आहे, असा याचा अर्थ होतो.

भारतीय मुलांसाठी कसोट्या बसवण्याच्या कामात नागपूरचे स्थान महत्त्वाचे आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वेक्सलर यांच्या मुलांसाठीच्या बुद्धिकसोटीचे भारतीय रूपांतर आर्थर मालिन यांनी नागपुरात केले आणि ते 1969 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात शाब्दिक व कृतिप्रधान (न बोलता हाताने करून दाखवायचा) असे दोन विभाग आहेत. एखाद्या मुलाचे कृतिगुण शाब्दिक गुणांपेक्षा बरेच वर असतील, तर तपासणाऱ्याने तेथे थांबून भाषेची चौकशी केली पाहिजे. दोहोंची सरासरी काढून मोकळे होणे हा मुलावर अन्याय आहे. चंद्रमोहन भाटिया यांनी 1955 मध्ये निरक्षर मुलांनाही देता येईल असा पाच कृतिकसोट्यांचा संच सिद्ध केला, त्यामागेही हाच विचार होता. तथापि शब्द काढून टाकले म्हणजे संस्कृती निघून जाते असे नाही. कागदावरील आकृत्या डावीकडून उजवीकडे वाचायच्या, हेही शिकावेच लागते.

हिशेबाची गोष्ट अशीच. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणारी मुले विक्री करताना जवळजवळ सर्व हिशेब बिनचूक करत, पण तीच गणिते कागदावर मांडून दिल्यावर त्यांची निम्म्याहून अधिक उत्तरे चुकली, असे 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. संध्याकाळी आईच्या कापूस वेचाईचे किलो आणि भाव यांचा गुणाकार तोंडी करणारी पोर फळ्यावरच्या गुणाकारापुढे गप्प उभी राहते, तेव्हा हा अभ्यास आठवावा.

या गप्प राहण्यातून पुढे व्यक्तिमत्त्वाविषयीचे मत बनते. व्यक्तिमत्त्वाचा गुणवैशिष्ट्यांद्वारे होणारा अभ्यास मुळात शब्दकोशातूनच सुरू झाला. गॉर्डन ऑलपोर्ट व हेन्री ओडबर्ट यांनी 1936 मध्ये इंग्रजी कोशातून माणसांचे वेगळेपण सांगणारे सुमारे 18,000 शब्द वेचले आणि बहिर्मुखता, कर्तव्यदक्षता इत्यादी पाच घटकांची आजची मांडणी त्याच वाटेने पुढे आली. वऱ्हाडीत ‘बह्याड’ (वेडसर), ‘भैताड’ (मूर्ख), ‘चंट’ (चलाख) असे शब्द स्वभाव व बुद्धी एकाच दमात तोलतात. घरी बडबडे असलेले मूल वर्गात न बोलल्याने ‘बुजरे’ आणि वर्षभरात ‘मंद’ ठरते. असे शिक्के फार लवकर बसतात आणि फार उशिरा पुसले जातात.

बौद्धिक अक्षमतेचे निदान केवळ बुद्धिगुणांकावरून करता येत नाही. साधारण 70 च्या खालचा गुणांक आणि त्यासोबत दैनंदिन व्यवहारातील लक्षणीय मर्यादा, या दोन्ही गोष्टी वाढीच्या वयातच दिसाव्या लागतात. व्यवहारातील क्षमता आजमावण्यासाठी वापरली जाणारी व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणीही मालिन यांनीच नागपुरात भारतीय परिस्थितीस अनुरूप केली. तिच्यात मुलाला प्रश्न न विचारता पालकांशी बोलून माहिती घेतली जाते. मूल स्वतः जेवते का, कपडे घालते का, एकटे दुकानातून वस्तू आणते का, याची ही चौकशी घरच्या बोलीत करता येते. मेळघाटातील पाड्यावर मात्र त्यासाठी कोरकू जाणणारा माणूस सोबत बसवावा लागतो, आणि तो पालकांना उत्तर सुचवणारा नातेवाईक नसावा, एवढी काळजी घ्यावी लागते.