माली आणि नायजर : एकाच नोटेचे दोन शेजारी

जानेवारी २०२२मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या प्रादेशिक मध्यवर्ती बँकेने मालीच्या लष्करी सरकारची खाती गोठवली. पैसा मालीचाच होता, पण तो काढण्याची मुभा मालीला राहिली नाही. कर्जरोख्यांचे हप्ते थकले आणि शेजाऱ्यांनी सीमा बंद केल्या. दीड वर्षाने, जुलै २०२३च्या सत्तांतरानंतर, नायजरवरही हीच वेळ आली. त्यात भर म्हणजे दक्षिणेकडून, नायजेरियातून येणारी वीजही तोडली गेली. नायजरची बहुतांश वीज तिथूनच येत असल्यामुळे राजधानी नियामे अंधारात गेली.

या दोन देशांची तुलना करताना एकीकडे सोने आणि कापूस, दुसरीकडे युरेनियम आणि तेल असा ताळेबंद मांडण्याची पद्धत आहे. तो मांडायलाच हवा. पण मालीची राजधानी बामाको आणि नियामे इथल्या बाजारांत चालणारी नोट एकच आहे, आणि या दोघांपैकी एकाने ती नोट कधीकाळी नाकारून पाहिली होती, हे त्या ताळेबंदात दिसत नाही. आजच्या घडामोडींचे मूळ माझ्या मते तिथे आहे.

आधी आजचे चित्र. दोन्ही देश जवळपास सारख्याच आकाराचे आहेत, प्रत्येकी साधारण साडेबारा लाख चौरस किलोमीटर. दोघांनाही समुद्र नाही आणि दोघांचाही उत्तर भाग वाळवंट आहे. स्वातंत्र्याच्या वेळी, १९६०मध्ये, मालीची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आसपास होती, नायजरची त्याहून बरीच कमी. आज नायजर पुढे गेला आहे. तिथला जननदर जगातल्या सर्वाधिक दरांपैकी एक आहे. दरडोई उत्पन्न मालीत आठ-नऊशे डॉलर, तर नायजरमध्ये सहाशेच्या थोडे पुढे. मालीत निम्म्या लोकांच्या घरी वीज पोचली आहे, नायजरमध्ये पाचातल्या जेमतेम एकाच्या. मानवी विकासाच्या जागतिक क्रमवारीत मात्र दोघे तळाशी, एकमेकांना चिकटूनच असतात. म्हणजे फरक आहे, पण तो श्रीमंत आणि गरीब यांच्यातला नाही. एकाला दोन आधार जास्त मिळाले, एवढाच तो आहे.

त्यातला पहिला आधार नदी. नायजर नदीवरून ज्या देशाचे नाव पडले, त्याला तिचा साडेपाचशे किलोमीटरचाच प्रवाह मिळाला. मालीतून ती सतराशे किलोमीटर वाहते. या नावाने कागदोपत्री फार घोळ होतो. फ्रेंच राजवटीने १९३२मध्ये ‘नायजर’ हे नाव देऊन जे प्रचंड पाटबंधारे महामंडळ काढले, ते नायजरमध्ये नव्हतेच. ते आजच्या मालीत आहे. ‘डाकार-नायजर’ रेल्वेही मालीतल्या कुलिकोरोला, नदीकाठी संपते. नायजर देशापर्यंत ती कधी आलीच नाही. त्या महामंडळाचा हेतू फ्रान्सच्या गिरण्यांना कापूस पुरवण्याचा होता. त्यासाठी दुसऱ्या वसाहतीतून सक्तीने माणसे आणून कालवे खणवून घेतले, मार्काला इथला बंधारा १९४७मध्ये पूर्ण झाला, आणि ठरवलेल्या क्षेत्राच्या फार थोड्या भागाला पाणी पोचले. तरीही आज त्या कालव्यांवर मालीचा भात पिकतो. नायजरमध्ये याच नदीवर कंदाजी इथे धरण बांधण्याची चर्चा कित्येक दशके चालली, आणि काम अजून चालूच आहे.

आता चलनाकडे येतो. या चलनाला तिथे बोलताना ‘सेफा’ म्हणतात. त्यातल्या तीन आद्याक्षरांचा अर्थ १९४५मध्ये ‘आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहती’ असा होता. वसाहती गेल्यावर अक्षरे तीच ठेवून अर्थ बदलला आणि पश्चिम आफ्रिकेपुरता तो ‘आफ्रिकी वित्तीय समुदाय’ असा झाला. अक्षरे का टिकवली, या प्रश्नाभोवतीच सारा वाद फिरतो. फ्रेंच फ्रँकशी ठरलेला दर, फ्रेंच तिजोरीची हमी, आणि त्या हमीच्या बदल्यात परकीय गंगाजळीचा मोठा हिस्सा त्याच तिजोरीत ठेवण्याची अट, अशी ही व्यवस्था होती. महागाई आटोक्यात राहते हा तिचा फायदा खरा आहे. पण कोणाला किती कर्ज द्यायचे आणि कधी द्यायचे, हे आपल्या हातात राहत नाही.

मे १९६२मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या सात देशांनी चलनसंघाच्या करारावर सह्या केल्या. त्यांत माली होता, नायजरही होता. अवघ्या पन्नास दिवसांनी, १ जुलै १९६२ला, मालीने स्वतःचा फ्रँक सुरू केला. दर सेफाएवढाच ठेवला, मात्र सीमेपलीकडे त्याला कोणी हात लावत नव्हते.

या निर्णयाला घाईचा आणि डाव्या हट्टाचा निर्णय म्हणण्याची प्रथा आहे. त्याआधी काय घडले होते ते पाहिले तर तो इतका उतावळा वाटत नाही. ऑगस्ट १९६०मध्ये सेनेगलबरोबरचे संघराज्य दोन महिन्यांत मोडले. सेनेगलने रेल्वे तोडली, आणि ज्या रुळांवरून मालीचा भुईमूग डाकार बंदराला जात असे ते रूळ १९६३पर्यंत बंद राहिले. माल आयव्हरी कोस्टमार्गे, ट्रकने, दुप्पट वळसा घेऊन न्यावा लागला. नव्या सरकारची पंचवार्षिक योजना कागदावर तयार होती आणि तिला लागणारे कर्ज देण्याचा अधिकार परक्या राजधानीत होता. शेजारच्या गिनीने १९६०मध्येच स्वतःचे चलन काढले होते. रेल्वे शेजाऱ्याच्या हातात आणि तिजोरी पॅरिसच्या, अशा अवस्थेत निदान एक तरी चावी आपल्याकडे असावी असे वाटणे मला पूर्णपणे समजते.

पण त्याची झळ कोणाला बसली? बामाकोच्या व्यापाऱ्यांना. त्यांचा धंदा सीमेपलीकडचा होता. सुकी मासळी आणि गुरे दक्षिणेला न्यायची, कोला फळे घेऊन परत यायचे. नवी नोट तिकडे कोणी घेईना, आणि आयात-निर्यात सरकारी व्यापार कंपनीकडे गेली. २० जुलै १९६२ला, नोट निघाल्यावर तीन आठवड्यांत, व्यापारी रस्त्यावर आले. सरकारने मोर्चा मोडला आणि धरपकड केली. कटाच्या आरोपावरून तिघांना मृत्युदंड सुनावला, पुढे त्याची जन्मठेप झाली. १९६४मध्ये वाळवंटातल्या किडाल इथे कैदेतच ते मेले. त्यांत संसदेत बसलेले जुने विरोधक होते. मालीच्या चलनाचे समर्थन करताना हा भाग गाळला जातो. गाळू नये.

पुढची पाच वर्षे सरकारने नोटा छापून सरकारी उद्योगांचा तोटा भरला. शेतकऱ्याला भुईमुगाचा सरकारी भाव इतका कमी मिळे की तो माल रात्रीतून सीमेपलीकडे नेई आणि सेफा घेऊन येई. गुरांचेही तेच झाले. मे १९६७मध्ये माली फ्रँकचे मूल्य निम्म्यावर आणावे लागले, आणि त्या बदल्यात फ्रान्सची हमी परत आली. १९६८मध्ये चलन परिवर्तनीय झाले, चलन छापणाऱ्या बँकेच्या संचालक मंडळात निम्मी माणसे फ्रान्सची बसली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात लष्कराने सरकार उलथले.

इथे एक गोष्ट नेहमी गुंतते. ‘मालीने बावीस वर्षे स्वतंत्र चलन चालवले आणि ते फसले’ असे लिहिले जाते. खरोखर स्वतंत्र म्हणावे असे ते जेमतेम पाच वर्षे होते. उरलेली वर्षे नोट मालीची आणि हमी पॅरिसची, म्हणजे सेफाच, फक्त नाव वेगळे. परत जाण्याचा मालीचा अर्ज एका शेजारी देशाने सीमावादावरून काही वर्षे अडवून धरला. अखेर १ जून १९८४ला, दोन माली फ्रँकना एक सेफा या दराने, माली चलनसंघात परतला. प्रयोग फसला हे मान्य. पण तो चलनामुळे फसला की खरेदी दर, सरकारी दुकानदारी आणि बंद रेल्वे यांमुळे, हे त्या पाच वर्षांवरून ठरत नाही.

या काळात नायजर सेफामध्येच होता. चलन स्थिर राहिले, पण देश श्रीमंत झाला नाही. १९७१पासून आर्लीच्या खाणीतून युरेनियम निघू लागले. फ्रान्सच्या अणुभट्ट्यांना ते जात होते आणि त्याचा भाव वाढवून मागण्याची बोलणी ठरली असतानाच, एप्रिल १९७४मध्ये, पहिले राष्ट्राध्यक्ष पदच्युत झाले. त्यामागे दुष्काळातल्या धान्यवाटपाचा भ्रष्टाचारही होता, हे विसरता येत नाही. सत्तरच्या दशकाच्या शेवटी युरेनियमचा भाव चढला आणि तो देशाच्या निर्यातीचा मुख्य भाग झाला. ताउआपासून आर्लीपर्यंत ‘युरेनियम रस्ता’ बांधला गेला. १९८०नंतर भाव कोसळला. मागे राहिला तो रस्ता, कर्जे, आणि खाणीच्या कचऱ्याचे डोंगर. दुसरी मोठी खाण मार्च २०२१मध्ये बंद झाली, आणि पहिली सरकारने जून २०२५मध्ये राष्ट्रीयीकृत केली. तेल २०११पासून निघते. बेनिनच्या किनाऱ्यापर्यंतच्या सुमारे दोन हजार किलोमीटर नळातून २०२४मध्ये ते निर्यात होऊ लागले, तेव्हा त्याच बेनिनशी सीमेवरून भांडण चालू होते.

दोघांची वाट स्पष्टपणे वेगळी झाली ती १९९४मध्ये. ११ जानेवारीच्या रात्री डाकारमध्ये जाहीर झाले की एका फ्रेंच फ्रँकला आता पन्नासऐवजी शंभर सेफा. एका रात्रीत आयात औषधे आणि तांदूळ दुप्पट महाग झाले. मालीच्या कापसाला मात्र परदेशी गिऱ्हाईक मिळाले आणि तीन-चार हंगामांत उत्पादन दुपटीच्या आसपास गेले. १९९६मध्ये सादियोलाची सोन्याची खाण सुरू झाली, आणि पुढे सोने हेच मालीच्या निर्यातीचे मुख्य अंग झाले. नायजरकडे निर्यात वाढवायला फारसे काही नव्हते. त्याचा खरा बाजार नायजेरिया, आणि तिथले चलन, नायरा, सेफाहून वेगाने घसरत होते. गाल्मीचा जांभळा कांदा मात्र या काळात किनाऱ्यावरच्या देशांत नाव कमावून गेला. कांद्याचा भाव कसा राजकारणाला हलवतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

मालीचा दुसरा आधार म्हणजे परदेशी गेलेली माणसे. मालीतल्या कायेस प्रांतातले लोक दोन-तीन पिढ्या फ्रान्समध्ये कामाला जात आहेत, आणि त्यांच्या वर्गणीतून तिथल्या गावांत शाळा, दवाखाने, विहिरी उभ्या राहिल्या. नायजरचा माणूस पीक निघाल्यावर नायजेरिया किंवा लिबियाला जातो आणि पावसाळ्यापूर्वी परततो. त्याच्याबरोबर येणारा पैसा थोडा असतो आणि तो धान्यातच जातो.

वारशाच्या बाबतीत मालीचे नाव मोठे आहे. टिंबक्टू, जेन्ने, बांदियागाराचे कडे, गाओ शहरातले राजस्मारक. नायजरकडे आगादेझचे मातीच्या विटांचे शहर आहे, त्याचा सत्तावीस मीटरचा मिनार आहे, आणि आयर-तेनेरेचे वाळवंट. पण हा वारसा अशा दोन याद्यांत वाटणे मला पटत नाही. सोंघाय साम्राज्याची राजधानी गाओ आज मालीत आहे; १५९१च्या पराभवानंतर त्याचा राजवंश ज्या देंदी प्रदेशात हटला, तो आजच्या नायजरमध्ये येतो. तौदेनीच्या मिठाच्या लाद्या टिंबक्टूला जात, बिल्माचे मीठ आगादेझला. तांडे वेगळे, पण व्यापार एकच. २०१२मध्ये टिंबक्टूच्या कबरी फोडल्या गेल्या, आणि तिथल्या गवंड्यांनीच त्या पुढच्या तीन वर्षांत पुन्हा बांधल्या. लपवून बामाकोला नेलेली हस्तलिखिते ऑगस्ट २०२५मध्ये परतू लागली. बंडाळीमुळे आगादेझचे पर्यटन २००७नंतर आटले. शहर स्थलांतरितांना उत्तरेला पोचवून जगू लागले, २०१५च्या कायद्याने तो धंदा गुन्हा ठरला, आणि नोव्हेंबर २०२३मध्ये तो कायदा मागे घेतला गेला.

आता २०२२ आणि २०२३कडे परत वळू. मालीवर निर्बंध आले तेव्हा बंदराकडे नेणाऱ्या शेजाऱ्यांपैकी दोघांशीच व्यापार चालू राहिला: गिनी आणि मॉरितानिया. गिनीतही तेव्हा लष्करी राजवट होती आणि मॉरितानिया निर्बंध लादणाऱ्या पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक समुदायात नव्हता, ही त्याची राजकीय कारणे. पण दोघांचीही नोट स्वतःची होती, ही गोष्ट बामाकोमध्ये कोणाच्या नजरेतून सुटली नसणार. नायजरला तर जवळच्या बंदरापर्यंत नेणारा असा एकही शेजारी नव्हता. त्याचे ट्रक टोगोहून बुर्किनामार्गे लष्करी पहाऱ्यात आले.

माली, नायजर आणि बुर्किना यांनी सप्टेंबर २०२३मध्ये स्वतःची आघाडी केली आणि २९ जानेवारी २०२५ला तिघेही प्रादेशिक आर्थिक समुदायातून अधिकृतपणे बाहेर पडले. स्वतःचे चलन काढण्याची भाषा तिन्ही राजधान्यांतून ऐकू येते. चलनसंघ मात्र त्यांनी सोडलेला नाही. बामाकोतल्या शिक्षकाचा आणि नियामेतल्या परिचारिकेचा पगार अजून सेफामध्येच होतो, आणि एका युरोला ६५५.९५७ हा १९९९चा दर आजही तसाच आहे.